आक्काच्या भाऊबीजेला घाटानं

सन दोन हजार तेवीस. माझं वय चौऱ्याहत्तर. आधार कार्डावर एकाहत्तर आहे, पण ते कार्ड काढणाऱ्यानं अंदाजानं घातलं, आणि तीन वर्षं फुकट मिळतात तर कोण सोडतो म्हणून मीही गप्प बसलो. शाळा तिसरीपर्यंत. पुढं बदलापूरच्या मागल्या अंगाला, बारवीच्या वाटेवर, बापाची भातशेती केली आणि अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं भट्टीपुढं उभा राहिलो. एवढंच माझं शिक्षण. तेव्हा लिहिण्यात चूक असली तर पोटात घाला. चालण्यात मी चुकत नाही.

आमच्याकडं आता बरीच शेतं जाऊन बिल्डिंगी झाल्या. नवे लोक गॅलरीत उभे राहून पूर्वेकडची डोंगराची लांब भिंत बघतात आणि मला विचारतात, "काका, त्या डोंगराच्या पलीकडं काय आहे?"

पलीकडं माझी बहीण आहे.

नाव चांगुणा. आम्ही सगळे आक्का म्हणतो. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमच्या घाटाखालच्या लोकांत घाटावर सहसा मुलगी देत नसत. 'मुलगी घाटावर दिली म्हणजे ढगात दिली,' असं माझी आई म्हणायची. तरी बापानं दिली, भीमाशंकरच्या पलीकडं दीड कोसावर. पहिल्या भाऊबीजेला बापानं मला घाटाची वाट दाखवली, आणि तेव्हापासून दरसाल मी एकटा जायचो. भाऊबीजेचा आमचा कायदा साधा. भावानं बहिणीच्या घरी जायचं, तिनं पाटावर बसवून ओवाळायचं, आणि ओवाळून होईपर्यंत तिनं तोंडात घास घालायचा नाही. जिला भाऊच नाही, तिनं संध्याकाळी चंद्राला ओवाळायचं आणि मग जेवायचं.

पन्नासाच्या वर भाऊबिजा मी घाटानं चढून गेलो. मोटारीचा रस्ता झाला तरीही. तो रस्ता अख्ख्या डोंगराला वळसा घालून जातो. बहिणीकडं वळसा घालून जायचं असतं का?

चार वर्षांमागं आक्काचा मुलगा दत्ता मला फोनवर म्हणाला, "मामा, आता घाटानं येऊ नका. मी जीप पाठवतो."

मी म्हटलं, "जीपमधनं पोचवायला मी काय गॅसची टाकी हाय?"

"तसं न्हाय वं मामा. वय झालं तुमचं."

झालं. त्या एका शब्दावरून मी जायचाच बंद झालो. ना घाटानं, ना जीपनं. चार दिवाळ्या गेल्या. आक्काचा फोन आला की मी 'भात कापायचा आहे' म्हणायचो. भात तर दरवर्षीच कापायचा असतो.

यंदा नवरात्रात दत्ताचा पुन्हा फोन आला. आक्का न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता चार पावलं वॉकर धरून चालते. हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मामा, बोलायचं नव्हतं, पण बोलतो. आई चार वर्षं चंद्राला ओवाळतीया."

मी फोन खाली ठेवला. जिवंत भाऊ असताना चंद्राला! माझ्या तोंडावर कुणी पायताण मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं. संध्याकाळी मी घरात जाहीर केलं, भाऊबीजेला मी जाणार आणि घाटानं जाणार. मुलगा म्हणाला, "बाबा, वेड लागलंय का?" सून सुरेखा चपात्या लाटत होती. ती बदलापुरात चाळीस डब्यांचं पोळीभाजी केंद्र चालवते. माहेर जुन्नरकडचं, म्हणजे तीही घाटावरचीच. तिनं लाटणं न थांबवता सांगितलं, "ते जाणारच आहेत. मी जाते बरोबर. डबे चार दिवस बंद."

मी म्हटलं, "मला कुणी नको बरोबर."

ती म्हणाली, "तुम्हाला नको असेल, आबा. मला माझ्या आत्त्याबाईंना बघायचंय. वाट सरकारची आहे."

उल्हासनगर

लुगडं मी नेहमी उल्हासनगरातनं घेतो. माझा दुकानदार सिंधी आहे, त्याचा बाप होता तेव्हापासूनचा. आक्काला अंजिरी रंग आवडतो आणि नऊवारीच लागतं. त्यानं आधी पाच-सहा भलतीच पुढं टाकली.

"बाबा, ये देखो, चालू फॅशन."

"फॅशन तुझ्या घरी. नऊवारी काढ, अंजिरी."

"अंजिरी अभी कौन पेहनता है, साईं?"

"माझी बहीण."

"कितने साल की?"

"अठ्ठ्याहत्तर."

तो शिडीवर चढला आणि पार वरच्या फळीवरून एक घडी खाली आणली. बारीक चौकडा, अंजिरी अंग, काठाला पिवळी रेघ. मी हात फिरवला. त्यानं भाव सांगितला, मी उठलो, त्यानं हात धरून बसवलं, असं दोनदा झालं. निघताना म्हणाला, "बहन को बोलना, उल्हासनगर से उसके दूसरे भाई ने भेजा है." हे लोक बोलण्यात माणसाला असं गुंडाळतात, आणि राग म्हणून येत नाही.

पाडवा

पाडव्याला सकाळी सुरेखानं नवऱ्याला ओवाळलं, डोक्यावरून पदर घेऊन मला नमस्कार केला आणि खांद्याला पिशवी अडकवली. तिचा स्वतःचा भाऊ ट्रकवर असतो, गुजरातची फेरी संपली की पंधरा दिवसांनी ओवाळून घ्यायला येतो. त्यामुळं तिला घाई नव्हती. नेरळपर्यंत आणि तिथनं पुढं खांडसपर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. गाड्या सगळीकडं सारख्याच धुरकट.

खांडस घाटाच्या पायथ्याला. संध्याकाळी उतरलो तेव्हा कापलेल्या भाताचा वास सगळ्या शिवारात भरला होता. ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडवीत उतरलो. त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी दिली. सुरेखा बाजरीवर वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा तांदळाच्या भाकरीला 'पांढरा कागद' म्हणायची. त्या रात्री तीन खाल्ल्या.

मी म्हटलं, "कागद पोटात गेला बरा!"

"उद्या चढायचंय ना, आबा. तुम्हाला ओढायला अंगात जोर नको?"

पडवीतनं वर पाहिलं. डोंगर अगदी तोंडापुढं उभा होता, काळा. चार वर्षांत वाढला की काय असं वाटलं. कुणाला बोललो नाही.

भाऊबीज

पहाटे फटफटतंय तोवर निघालो. दत्ताला सांगितलं होतं, दुपारी एकच्या आत वर असू. पूर्वी मी साडेचार तासांत चढायचो. यंदा सात धरले होते. माझ्या हिशेबानं ही फार मोठी सवलत होती.

या घाटाचे दोन तुकडे आहेत. खालचा चढ झाडीतनं फिरत फिरत जातो. मग डोंगराच्या कमरेला एक सपाट पट्टा लागतो, त्याला आम्ही पदर म्हणतो. तिथं एक वाडी आहे. तिच्यापुढं दुसरा चढ, आणि तो खरा. तिथं वाट नाकासमोर उभी राहते. दगडावर दगड, आणि झाडांच्या मुळ्या पायऱ्यांसारख्या.

पहिला तुकडा चांगला गेला. पाऊस संपून महिना झाला होता, गवत पिवळं पडायला लागलं होतं, ओहोळात पाणी बोटभर उरलं होतं, पण थंड आणि गोड. ऐनाच्या झाडावर शेकरू दिसलं, म्हणजे मोठी तांबडी खार, शेपूट हातभर. फांदीवरून आमच्यावर खेकसत होती. सुरेखा म्हणाली, "बघा, तिलाही पटलं नाही तुमचं घाटानं येणं." तिनं डोंबिवलीच्या कुठल्या दुकानातनं माझ्यासाठी घडीची काठी आणली होती, चढाची. मी हात लावला नाही. काठी म्हाताऱ्यांनी धरायची.

मागून सात-आठ तरुण पोरंपोरी आली. पाठीवर घराएवढ्या पिशव्या. एक चष्म्यातली पोरगी थांबून म्हणाली, "आजोबा, एज काय तुमचं?"

"एकाहत्तर," मी म्हटलं. कार्डावरचं.

"माय गॉड! आमचे बाबा पन्नासचे आहेत, लिफ्टशिवाय वर जात नाहीत."

मला बरं वाटलं हे कबूल करतो. त्या बरं वाटण्यात मी पुढचा अर्धा तास नको तेवढ्या जोरात चाललो, आणि त्याची किंमत पुढं भरली.

पदरातल्या वाडीत पोचायला साडेदहा झाले. वाट वाडीच्या अंगणांतनंच जाते. एका घरापुढं बांबूचा मांडव होता, आत चूल, चहा, लिंबू सरबत. बाई पन्नाशीची, सावळी, चटपटीत. नाव हिराबाई. सुरेखानं चहा सांगितला. मी घेतला नाही. आक्का उपाशी, तर मीही उपाशी, हा माझा जुना शिरस्ता.

"बाबा, च्या न्हाय घेत?" हिराबाईनं विचारलं.

सुरेखानं सांगितलं, "बहिणीकडं निघालेत. ओवाळून झाल्याशिवाय काही घेणार नाहीत."

हिराबाईचा हात किटलीवर थांबला. "या वयात? घाटानं? बहिणीसाटी?"

"पन्नास वर्षं जातोय," मी म्हटलं. मधली चार गाळली.

ती उठून घरात गेली. बाहेर आली ती हातात पाट घेऊन. अंगणात पाट ठेवला आणि म्हणाली, "बाबा, घडीभर बसा. मना भाऊ नाय. एक व्हता, ल्हानपनी गेला. दरसाल मी चंद्राला ववाळते. आज भाऊबीजेच्या दिवशी भाऊ माजं आंगन तुडवीत चाललाय, त्याला कशी सोडू?"

सुरेखा पुटपुटली, "आबा, उशीर होतोय."

उशीर होतोय हे मला कळत नव्हतं का? पण चंद्राचं नाव निघाल्यावर माझे पाय तिथंच रुतले. मी पाटावर बसलो. तिनं टोपी नीट करायला लावली, कुंकू लावलं, तांदूळ लावले, सुपारी फिरवली, निरांजन फिरवलं. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, आणि तोंडानं शेजारणीला हाक मारून सांगत होती, "ये गो बघायला, माजा भाऊ आलाय!"

आता ताटात ओवाळणी घालायची. खिशाकडं हात गेला, तर त्याच क्षणी सुरेखा चहाचे पैसे देत होती. मला वाटलं, चहालाही नोट आणि ओवाळणीलाही नोट? मग ही बहीण कसली, गिऱ्हाइकीच झाली. हात खिशातनं निघाला, पिशवीत गेला, आणि अंजिरी लुगडं ताटात पडलं.

"आबा!" सुरेखा ओरडली. मग तिनं तोंडावर पदर दाबला.

हिराबाई लुगड्याकडं बघतच राहिली. "येवढं? मना?"

"तुलाच," मी म्हटलं. ताटात पडलेलं उचलतात का कुठं?

पुढं आणखी एक झालं. ओवाळल्यावर भावाला उपाशी जाऊ देत नाहीत. तिनं नाचणीची भाकरी आणि घेवड्याची भाजी वाढली. नाही म्हणावं तर तिच्या ओवाळण्याचा अपमान, खावं तर आक्का उपाशी. मी तीन घास खाल्ले. भाजी चांगली झाली होती, तरी चौथा घेतला नाही. निघताना तिनं दाराआडची बांबूची काठी हातात दिली. "भावानं बहिनीचं नाकारू नये." झालं, काठीपण धरली.

वाडी मागं पडल्यावर सुरेखा माझ्या बरोबरीला आली. मग म्हणाली, "आता आत्त्याबाईंच्या ताटात काय घालणार?"

"बघू."

"पैसे घाला."

"आक्का माझ्याकडनं पैसा घेत नाही. पहिल्याच वर्षी नोट परत केली होती. म्हणाली, भावाची नोट दुकानात जाते, लुगडं अंगावर राहतं."

"मग?"

"बघू म्हटलं ना!"

दुसरा चढ

आता या चढाचं काय सांगू! रात्री डोंगर काळा होता, आता तापून पांढरा झाला होता. कारवीच्या रानातनं वाट उभी चढते. एक पाय टाकला की दुसरा उचलायला मांडीवर हात रोवावा लागतो. पूर्वी इथं मी गाणी म्हणायचो. आता तोंडानं फक्त वारा येत-जात होता. वीस पावलं चालायचं आणि थांबायचं, मग पंधरा, मग दहा. उजव्या पिंढरीत गोळा आला, असा की मी खाली बसलो तो बसलोच. सुरेखानं मीठ-लिंबाचं पाणी पाजलं.

एका खडकावर फोनला रेंज येते. तिथं पोचायला दीड वाजून गेला होता. फोन वाजलाच. दत्ता होता.

"मामा, कुठवर?"

"आलोच."

"आलोच म्हंजी कुठं?"

"खडकावर."

"अजून खडकावर? मामा, आई सकाळपासनं उपाशी हाय. साखरेची गोळी जेवल्याबिगर घेता येत न्हाय. डॉक्टर मला मारंल. हात थरथराय लागल्यात तिचं. तुम्ही सांगा तिला जेव म्हणून, माझं ऐकत न्हाय."

"दे तिला."

आक्काचा आवाज आला. चार वर्षांनी मी तो नीट ऐकत होतो. बारीक झाला होता, पण धार तीच.

"गोंद्या, कुठं हाईस?"

"आक्का, तू जेवून घे. मला उशीर होईल. माझी शपथ हाय."

"तुझी शपथ चार वर्सं जपून ठिवलीया मी, चंद्राला दावून. आता न्हाय चालायची. तू ये."

"अगं, गोळी..."

"गोळी डबीत हाय. ती कुठं जात न्हाय. तू ये." फोन बंद.

मी खडकावर बसून राहिलो. सुरेखानं पाण्याची बाटली पुढं केली आणि पहिल्यांदाच मला सुनावलं. आवाज न चढवता.

"आबा, एक सांगू? जीपला नाही म्हटलंत ते कुणासाठी? त्या तिकडं उपाशी, तुम्ही इकडं अर्धमेले. दोघांचा हट्ट एका मापाचा. एकाच आईचं दूध ना! पण त्यांचं हाड मोडलंय, तुमचं नाही. आता बसायचं नाही. उठा."

सुनेनं असं बोललेलं मी कधी ऐकून घेतलं नव्हतं. बावीस वर्षांत तिनं माझ्यासमोर खुर्ची घेतली नाही, डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. मी उठलो. चार पावलांवर पुन्हा डगमगलो, तर पाठीला काहीतरी टेकलं. सुरेखाचा तळहात. पदर कमरेला खोचला होता आणि ती मागून मला लोटत होती. गाडी चढाला लागली की बैलांना मागून हात देतात ना, तसा.

"लाज नाही वाटत?" मी म्हटलं.

"वाटते की. तुम्ही पुढं बघा म्हणजे मला कमी वाटेल."

तशी ती मला दोन तास लोटत होती. रोज चाळीस डब्यांची कणीक मळणारा हात, त्यात जोर भरपूर. मध्येच म्हणायची, "आबा, तुमच्यापेक्षा कणीक बरी, ती उलट बोलत नाही." मी हसलो की दम जायचा, म्हणून तिला गप्प बस म्हणायचो. ती गप्प बसली की मनात आक्काचे थरथरणारे हात यायचे. मग मीच म्हणायचो, "बोल काहीतरी."

घाटमाथा

झाडी विरळ झाली, वारा लागला. कळलं की माथा आला. तेवढ्यात वरून हाक आली.

"गोंद्याऽऽ! हाईस का मेलास?"

मी मान वर केली. कड्यापासून चार हात आत, वाट जिथं संपते तिथं, लाल प्लास्टिकच्या खुर्चीत आक्का बसली होती. शेजारी वॉकर, मागं दत्ताची जीप. हाड मोडलेली बाई दीड कोस जीपनं येऊन घाटाच्या तोंडाशी बसली होती.

"हाय गं!" मी ओरडलो. आवाज कसला, नुसती शिट्टी निघाली.

"मग ये की वर! माझी भूक मरून गेली, तू तरी जित्ता ये!"

शेवटची तीस पावलं सुरेखानं पाठीवरचा हात काढला. का काढला ते मला कळलं. ती तीस मी एकट्यानं चाललो.

आक्का निम्मी झाली होती. गालांत खड्डे. मी पुढं उभा राहिलो तर म्हणाली, "काठी? तू?"

"दिली एकीनं."

"बस खाली. दत्ता, पाट."

दत्तानं जीपमधनं पाट काढला आणि दगडावर ठेवला. तबक तयारच होतं. पण कड्यावर वारा असा की निरांजन लावलं की विझे. दत्ता जीपचं दार उघडून आडोसा करी, तरी विझे. तो म्हणाला, "आई, मोबाइलची बॅटरी लावू का?"

"तुझ्या बायकोला ओवाळ तसल्यानं!"

ती पोरंपोरी तिथंच सावलीत डबे सोडून बसली होती. चष्म्यातल्या पोरीनं बघितलं, बाकीच्यांना उठवलं, आणि सगळी पिशव्या चढवून आमच्याभोवती पाठ करून खांद्याला खांदा लावून उभी राहिली. पाठीवरच्या पिशव्यांची भिंतच झाली. निरांजन लागलं. आक्काचे हात खरंच थरथरत होते. ज्योत माझ्या तोंडापुढं उजवीकडून डावीकडं जाताना वाकडीतिकडी जात होती, पण विझली नाही.

आणि मग तबक माझ्यापुढं थांबलं.

मी मान खाली घातली. माझ्या आयुष्यात रिकाम्या हातानं मी कुणाच्या दारात गेलेलो नाही. आणि बहिणीपुढं बसलोय, ती उपाशी, आणि मी रिकामा, वर पोटात तीन घास.

"लुगडं आणलं होतं," मी म्हटलं. "खाली वाडीत एकीला दिलं. भाऊ नाही तिला. चंद्राला ओवाळते. तिनं बसवलं पाटावर. जेवूपण घातलं. मी खाल्लं, आक्का. तीन घास."

 पोरं पाठ करून उभी, त्यांनाही ऐकू जात असणार.

आक्कानं विचारलं, "कसल्या रंगाचं व्हतं?"

"अंजिरी. पिवळी रेघ."

"तिला शोभंल का?"

"सावळी हाय. शोभेल."

"मग झालं की." तिनं तबक तसंच धरून ठेवलं. "पर माझं ताट मी रितं न्हाय न्हेणार."

"माग. काय मागशील ते देतो."

"चार दिस ऱ्हा."

हे मागणं साधं वाटेल, पण तसं नव्हतं. इतक्या वर्षांत मी तिच्या घरी दुसरी रात्र कधी काढली नाही. बहिणीच्या घरी भावानं रेंगाळू नये, तिला भार होऊ नये, असा माझा बाणा. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी घाटाला लागलेलो असायचो. ती चहा ठेवायला उठायची तेव्हा माझी वाकळ घडी घालून ठेवलेली असायची.

"भात कापायचा आहे," माझ्या तोंडून निघून गेलं.

"कापील तुझा ल्योक."

सुरेखा मागून म्हणाली, "आत्त्याबाई, ते राहतात. मी सांगते ना. डबे मी चार दिवस बंदच ठेवलेत."

मी वळून बघितलं. डबे चार दिवस बंद, हे तिनं लाटणं हातात असतानाच ठरवलं होतं. माझ्याआधी.

"राहतो," मी म्हटलं.

आक्कानं तबक दत्ताच्या हातात दिलं. दत्ताच्या बायकोनं दिलेला डबा तिथंच उघडला. बाजरीची भाकरी, वांगं आणि शेवयांची खीर. पहिला घास तिनं मोडला आणि माझ्या तोंडापुढं धरला. मी म्हटलं, आधी तू. ती म्हणाली, आधी तू. दत्ता कपाळाला हात लावून म्हणाला, "दोघांनी एकदम खावा रं देवा, गोळी घ्यायचीय!" तेव्हा आम्ही एकदम खाल्लं. मग तिनं गोळी घेतली. चष्म्यातल्या पोरीला आणि तिच्या मंडळींना आक्कानं करंज्या वाटल्या. मी जीपमध्ये बसून तिच्या घरी गेलो. त्यावर कुणी काही बोललं नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी

दुसऱ्या दिवशी सवयीनं पहाटेच जाग आली. वाकळेची घडी घातली, मग उलगडून पुन्हा अंगावर घेतली आणि उजाडेपर्यंत पडून राहिलो. सुरेखा आणि दत्ताची बायको चुलीपुढं बाजरीची भाकरी थापत घाटावरच्या बोलीत काहीतरी खुसखुसत होत्या. आक्का ओट्यावर उन्हाला बसली होती, पाय लांब करून. त्या पायांकडं माझं लक्ष गेलं. नखं वाढून वळली होती. ऑपरेशनपासून तिला वाकता येत नव्हतं, आणि कुणाला सांगणं तिच्या स्वभावात नाही.

मी दत्ताकडनं नखं काढायचं यंत्र मागून घेतलं आणि गरम पाण्याचं भगुलं घेऊन तिच्या पायाशी बसलो.

"हे काय करतुयास? सोड. लोक बघतील."

"बघू दे," मी म्हटलं, आणि तिचा उजवा पाय मांडीवर घेतला.